काकूंचा आवाज व्हेन्वमध्ये अडकला

"डिलीट केलं का?" मी विचारलं.

फोनच्या पलीकडून नुसता पंख्याचा आवाज.

"काका, ऐकू येतंय ना? तो फोल्डर डिलीट केला का तुम्ही?"

"नाही अजून. बटणावर बोट ठेवून बसलो आहे. तुम्ही हो म्हणा, मग दाबतो."

"थांबा. आत्ता तुम्ही पुटपुटलात ते काय? आवाजांचं काहीतरी म्हणालात."

"तेच विचारून राहिलो होतो. हा फोल्डर गेला तर नलिनीचे आवाज कुठं जातील?"

"ते आवाज त्या फोल्डरच्या आत आहेत?"

"मग अजून कुठं ठेवणार? एका कामाचं सगळं सामान एका जागी."

"बोट उचला," मी म्हणाले. "कशालाही हात लावू नका. लॅपटॉप आहे तसा मिटून ठेवा. मी येते."

मी जबलपूरच्या विजय नगरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्टचं काम बघते. दुकानांची, नर्सिंग होमची बिलं बनवणारं सॉफ्टवेअर आम्ही विकतो. ते अडलं की फोन माझ्याकडे येतो. शनिवार-रविवारी ऑफिसातल्याच मागच्या खोलीत आम्ही प्रोग्रॅमिंगचा क्लास चालवतो. बिगिनर्स बॅच. म्हणजे ज्यांनी आयुष्यात कधी कोडची एक ओळ लिहिलेली नाही, त्यांच्यासाठी. बहुतेक कॉलेजची पोरं येतात. त्यांच्यात पहिल्या बाकावर श्रीधर पांढरीपांडे काका बसतात. डिफेन्स फॅक्टरीतून चार्जमन म्हणून रिटायर झालेले. चार्जमन म्हणजे शॉपमधल्या, कारखान्याच्या एका विभागातल्या, कामगारांवरचा सुपरवायझर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि क्लासच्या वेळेआधी हजर.

पहिल्याच दिवशी त्यांनी बोर्डावरचं माझं आडनाव वाचलं.

"मराठी का?"

"हो."

"मग माझ्याशी मराठीतच बोलत जा, मॅडम. घरी आता कोणी बोलत नाही."

मला वाटलं, मुलं बाहेरगावी असतील. जबलपूरच्या मराठी घरांत हे नेहमीचंच. पुढे कळलं की गोष्ट निराळी आहे.

मागच्या वर्षी नलिनीकाकूंना पक्षाघात झाला. उजवा हात बराचसा परत आला. काठी घेऊन चालतातही. बोलणं मात्र गेलं. डॉक्टर याला अफेझिया म्हणतात. माणसाला ऐकलेलं कळतं, काय बोलायचं तेही डोक्यात असतं, पण शब्द तोंडापर्यंत येत नाही. काकूंचा एकच शब्द शाबूत राहिला, "अच्छा." तहान लागली तरी अच्छा, पाठ दुखली तरी अच्छा, राग आला तरी अच्छा. कोणता अच्छा कशाचा, हे काकांनी चेहऱ्यावरून ओळखायचं.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी सुचवलं की चित्रं दाखवा. चित्राला बोट लावलं की मशीन तो शब्द बोलेल, असं काहीतरी वापरा. तयार ॲप मिळाली. ती हिंदीत नाहीतर इंग्रजीत, आणि मशीनचा सपाट आवाज. काकूंनी मोबाईल उलटा करून ठेवून दिला. मग काकांनी स्वतःच्या आवाजात मराठी शब्द रेकॉर्ड केले. ते ऐकून काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काका आपणहून थांबले.

"बरोबरच आहे तिचं," काका मला म्हणाले होते. "बोलायचं आहे तिला, अन् आवाज माझा. मलाही नसतं चाललं."

मार्ग मुलीने, मुग्धाने काढला. ती बंगळूरला असते. काकूंना टाइप करायचा कंटाळा, त्यामुळे त्या लेकीला रोज व्हॉइस मेसेज पाठवत. आज काय भाजी केली, कोण आलं होतं, पाठ कशी आहे. मुग्धाने मिळाले तेवढे मेसेज वडिलांना पाठवले. पुढे तिने फोन बदलला आणि जुने मेसेज गेले. काकांकडे आले तेवढेच उरले. काकांनी ते ऐकून ऐकून त्यातून एकेक तुकडा कापून काढला. पाणी दे. टीव्ही लाव. पाठ दुखून राहिली. झोपते आता. कापून झाल्यावर उरलेले लांब मेसेज त्यांनी पुसले. फॅक्टरीत शॉप झाडून घेतल्याशिवाय शिफ्ट संपत नाही, म्हणून.

आणि हे तुकडे चित्रांना जोडायला ते माझ्या क्लासला आले. "मला नोकरी नको, मॅडम," ते म्हणाले. "मला हे एकच बनवायचं आहे."

आता व्हेन्वबद्दल. पूर्ण नाव वर्चुअल एन्व्हायरन्मेंट. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा. तिच्यात चित्र दाखवणं, आवाज वाजवणं अशा कामांसाठी लोकांनी आधीच लिहून ठेवलेले तयार कोड मिळतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. प्रत्येक प्रोजेक्टला वेगवेगळ्या लायब्ररी लागतात, आणि त्या एकमेकींत मिसळल्या तर भांडतात. म्हणून दर प्रोजेक्टला लायब्ररींचा वेगळा डबा करायचा. आपल्याकडे उपासाची कढई वेगळी असते ना, रोजच्या फोडणीचा तिला वाससुद्धा लागू द्यायचा नाही, तसं. हा डबा म्हणजे व्हेन्व. काकांच्या तोंडी तो शब्द कधी बसला नाही. ते त्याला वेणू म्हणत.

या वेणूची एक खोड आहे. ज्या कॉम्प्युटरवर तो तयार होतो, तिथल्या पायथनचा पत्ता त्याच्या पोटात लिहिलेला असतो. उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेला की तो जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसतो. त्यामुळे व्हेन्व नेत नाहीत. जुना पुसतात, नव्या जागी नवा करतात. दोन मिनिटांचं काम.

काकांनी क्लासच्या कॉम्प्युटरवर सगळं बनवलं. तिथं चाललंही. मग त्यांनी अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला आणि घरी, मुग्धाच्या जुन्या, टचस्क्रीनच्या लॅपटॉपवर टाकला. कॉपी करून नाही, दोन्ही वेळा कट करून. दोन-दोन ठिकाणी पसारा कशाला, असा विचार. घरी प्रोग्रॅम सुरू केला तर स्क्रीनवर आलं, "नो पायथन ॲट", आणि पुढे आमच्या क्लासच्या कॉम्प्युटरचा लांबलचक पत्ता. त्यांनी स्क्रीनचा आडवा फोटो मला पाठवला. मी मान वाकडी करून वाचला, लगेच ओळखलं, आणि फोन करून सांगितलं, "व्हेन्वचा फोल्डर डिलीट करा, नवा करू."

अशा फोनला मी नेहमी हेच सांगते. फक्त काकांनी स्वतःचा प्रोग्रॅम आणि काकूंचे सगळे आवाज त्या डब्याच्या आतच ठेवले होते. आणि दुसरीकडे कुठे त्यांची प्रत नव्हती.

एरवी मी म्हणाले असते, शनिवारी लॅपटॉप क्लासला आणा. पण तो बुधवार होता. गुरुवारी सकाळी काका स्वतः हॉस्पिटलात भरती होणार होते, हर्नियाचं ऑपरेशन. मुग्धा येणार होती, पण ती हॉस्पिटलात त्यांच्याजवळ राहणार. घरी काकूंसोबत रजनी दीदी. त्या दिवसभर काकूंना सांभाळणाऱ्या बाई, प्रेमळ आणि कामाला चोख, पण "अच्छा"वरून ओळखणं त्यांना काकांसारखं जमत नसे. काकूंना काय हवं ते त्यांना कळायला हवं होतं, आणि ते सांगणारी गोष्ट आता बंद पडली होती.

मी दुबे सरांच्या केबिनमध्ये गेले. ते आमचे मालक.

"सर, दोन घंटे के लिए बाहर जाना है।"

"क्लाइंट?"

"नहीं सर. क्लास के स्टूडेंट हैं, पांढरीपांडे जी।"

"घर जाकर सपोर्ट? ये कब से चालू हुआ?"

"आज से।"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. त्या दिवशी एका नर्सिंग होमचं अपडेट जाणार होतं, म्हणजे दुपारभर फोन वाजणार हे नक्की. मी थोडक्यात सांगितलं, की काय अडकलं आहे आणि कुणाचं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "फोन मेरे टेबल पर रख दीजिए. और जल्दी आइए, मुझे उन लोगों से डर लगता है।"

काकांचं घर बडा फुहारा चौकाच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानाच्या वर. स्कूटर लांब लावून चालत गेले. जिन्याच्या तोंडाशीच काका उभे होते.

"मिटून ठेवला आहे. कोणी हात नाही लावला," ते म्हणाले. क्लासमध्ये मी मॅडम असते. घरात पाऊल टाकल्यावर म्हणाले, "ये बेटा, बस."

काकू खिडकीजवळच्या खुर्चीवर होत्या. रजनी दीदी त्यांच्या बोटांचा व्यायाम घेत होत्या, रबरी चेंडू दाबायचा. काकूंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "अच्छा." हा या-बसाचा होता. एवढं मलासुद्धा कळलं.

लॅपटॉप उघडला. पहिलं काम आवाज बाहेर काढायचं. व्हेन्वच्या आत पाहिलं तर पायथनच्या आपल्या फोल्डरांच्या रांगेत एक फोल्डर, नाव 'नलिनी'. आवाज आणि प्रोग्रॅमची फाइल, दोन्ही त्यातच. मी त्याची एक प्रत डेस्कटॉपवर घेतली, एक माझ्या पेन ड्राइव्हवर, आणि एक माझ्या मोबाईलवर. काका बघत होते.

"तीन-तीन कशाला?"

"काका, यातलं एक जरी गेलं तर तुम्ही परत आणू शकाल?"

"नाही."

"म्हणून."

आवाज नीट आहेत का ते तपासायला मी एक वाजवणार, तेवढ्यात काकांनी घाईने हेडफोन पुढे केला आणि खुर्चीकडे नजर टाकली.

"तिनं अजून ऐकलं नाही," ते हळूच म्हणाले. "तिला कसं वाटेल कोण जाणे. आपलाच आवाज, अन् आता… सगळं तयार झालं की मगच ऐकवू."

मी हेडफोन लावून सगळे तुकडे ऐकले. तोवर मी काकूंचा "अच्छा"शिवाय आवाज ऐकला नव्हता. खणखणीत आवाज, थोडा हुकमी. "चहा"च्या मागे कुकरची शिट्टी होती. "पाणी दे"च्या मागे खालच्या गल्लीतला भाजीवाला. मी अंगठा वर करून दाखवला.

"आता करा डिलीट."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, डेस्कटॉपवरच्या 'नलिनी'कडे पाहिलं, आणि बटण दाबलं.

कीबोर्ड मी घेतला नाही. माझा नियम आहे, ज्याचा प्रोजेक्ट त्याने टाइप करायचं. वेळ लागतो, पण पुढच्या वेळी फोन येत नाही. काका एका बोटाने टाइप करतात, आणि प्रत्येक अक्षर तोंडाने म्हणतात.

पहिला अडथळा लगेच आला. काकांनी कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत पायथन असं टाइप केलं. पायथन सुरू व्हायच्या ऐवजी विकत-फुकट ॲप घ्यायचं विंडोजचं दुकानच स्क्रीनवर उघडलं.

"अरे, मी तर काल टाकलं ना!"

टाकलं होतं. पण टाकताना खाली एक बारीक चौकोन असतो, त्यावर टिक करायची असते. ती केली की कॉम्प्युटरला पायथन कुठे राहतो ते समजतं. नाही केली तर पायथन घरात येतो, पण चौकीदाराला त्याचं नाव ठाऊक नसतं. नवशिक्यांपैकी निम्मे इथेच अडकतात. त्याला एक पर्यायी छोटं नाव आहे, ते वापरून आम्ही पुढे गेलो. नवा व्हेन्व तयार झाला. तो सुरू केला, ओळीच्या आधी त्याचं नाव कंसात दिसायला लागलं. काका खूश.

"आला वेणू!"

मग आवाजाची लायब्ररी टाकायला घेतली, आणि स्क्रीन लाल झाली. ओळींवर ओळी धावत राहिल्या. काकांचा हात कीबोर्डवरून आपोआप मागे आला.

"मी काही बिघडवलं का?"

"नाही. खालून वाचा, काका. लाल अक्षरं नेहमी खालून वाचायची. वरचं सगळं रडगाणं असतं, कारण शेवटी असतं."

कारण साधं होतं. क्लासमध्ये आम्ही पायथनची थोडी जुनी आवृत्ती वापरतो. काकांनी घरी अगदी ताजी टाकली होती. तिच्यासाठी ती लायब्ररी अजून तयार मिळत नव्हती, म्हणून कॉम्प्युटर ती स्वतःच बनवायला बसला आणि फसला.

"म्हणजे लेथ मशीन नवी आली, अन् काम पकडायचा तिच्या मापाचा चक अजून स्टोअरमध्ये नाही," काका म्हणाले.

"अगदी तसंच."

"मग जुनी लेथ आणू."

पायथनची नवी आवृत्ती काढली. जुनी इंटरनेटवरून उतरवायला लावली. घरचं इंटरनेट सरकेना, म्हणून माझ्या मोबाईलचं जोडलं. तरी वेळ लागणार होता. काका चहा करायला स्वयंपाकघरात गेले, मी मागोमाग.

तिथे दाराआड एक बॅग भरून ठेवलेली दिसली. वर टॉवेल, हॉस्पिटलची फाइल.

"काकूंना सांगितलंत ना उद्याचं?"

काका चहात साखर टाकत राहिले.

"नाही. नागपूरला पुतण्याकडे जाऊन राहिलो, असं सांगणार आहे. चार-सहा दिवसांचं काम आहे म्हणून."

"पण त्यांना समजतं सगळं, काका."

"समजतं म्हणूनच. समजेल, अन् विचारता येणार नाही. रात्रभर छताकडे बघत राहील." त्यांनी गॅस बंद केला. "विचारताच येत नाही तर सांगायचं काहून, असं वाटलं."

 मी कप घेतले.

चहा पिऊन होईपर्यंत जुना पायथन उतरला होता. इन्स्टॉल करताना काकांनी तो बारीक चौकोन स्वतः शोधला आणि टिक करून माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. आधीचा व्हेन्व पुन्हा पुसला. या वेळी त्यांनी विचारलंसुद्धा नाही. नवा केला, शेजारी वेगळ्या फोल्डरमध्ये प्रोग्रॅम ठेवला, आवाज ठेवले. लायब्ररी गुपचूप आली. एकही लाल ओळ नाही.

प्रोग्रॅम सुरू केला. चित्रं आली, पण दाबल्यावर आवाज नाही. कोडमध्ये आवाजांचा पत्ता अजून जुन्या जागेचा होता. ते काकांनी मी सांगायच्या आत पकडलं आणि ती ओळ बदलली.

आता सगळं चालायला हवं होतं. हेडफोन अजून लावलेला होता. काकांनी त्याची पिन धरली आणि तशीच धरून बसले.

"ऐकवू?"

"तुमचा प्रोजेक्ट आहे," मी म्हणाले.

त्यांनी पिन ओढली. लॅपटॉप उचलून काकूंच्या समोर, छोट्या टेबलावर ठेवला. कपाचं चित्र दाखवलं. "नलू, इथं बोट ठेवून बघ."

काकूंनी जरा कंटाळूनच बोट ठेवलं. आधीची दोन्ही प्रकरणं त्यांच्या लक्षात असणार.

"चहा," काकूंचा आवाज म्हणाला. मागे कुकरची शिट्टी.

काकूंनी बोट झटकन मागे घेतलं. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग काकांकडे. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. काकांनाही कळत नव्हतं, हे मला दिसत होतं. रजनी दीदींनी चेंडू हातात तसाच धरला होता.

"आवडलं नाही का?" काका म्हणाले. "बंद करू?"

काकूंनी त्यांचा हात बाजूला केला आणि पुन्हा कपावर बोट ठेवलं. चहा. पुन्हा. चहा. मग ग्लासावर. मग टीव्हीवर, पलंगावर, पाठीच्या चित्रावर. एकेक तुकडा त्या मान तिरकी करून ऐकत होत्या, जसं आपण खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाचं बोलणं ऐकतो. मग त्या हाताच्या पंजाच्या चित्रावर आल्या.

"नको म्हटलं ना!"

हा तुकडा मुग्धाशी कुठल्याशा वादातला होता. ती मिक्सर पाठवते म्हणत होती आणि काकू नको म्हणत होत्या. पूर्ण फटकारा होता तो. खोलीत घुमला. काकू एक क्षण चकित झाल्या आणि मग हसल्या. खांदे हलवून, आवाज करून हसल्या. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी डाव्या हाताने पुसलं आणि पुन्हा तेच बटण दाबलं.

"ये क्या बोलीं?" रजनी दीदींनी विचारलं.

"मना कर रही हैं," मी म्हणाले. "नको मतलब नहीं चाहिए।"

"नको," रजनी दीदी म्हणाल्या. "अच्छा है. अब पता चलेगा ना दीदी, नहीं तो मैं दाल परोसती ही जाती हूँ।"

"नको म्हटलं ना!" काकूंनी लगेच दुजोरा दिला.

सगळेच हसलो. मला निघायला हवं होतं, दुबे सरांचा मिस्ड कॉल येऊन गेला होता. मी वायरी गुंडाळायला लागले. तेवढ्यात काकूंनी शेवटच्या चित्रावर बोट ठेवलं. ते चित्र म्हणजे नुसतं प्रश्नचिन्ह होतं. थेरपिस्ट बाईंनी सांगितलेल्या चित्रांत ते नव्हतं. काकांनी स्वतःच्या मनाने घातलं होतं. का, कशाला, हे काकू दिवसातून पन्नासदा विचारायच्या, म्हणून.

"काहून?" आवाज म्हणाला.

"काय काहून?" काकांनी हसत विचारलं.

काकूंनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. आम्ही दोघांनी वळून पाहिलं. मघाशी मी कप घेऊन आले तेव्हा दार पूर्ण उघडं राहिलं होतं. बॅग तिथून सरळ दिसत होती.

"काहून?" पुन्हा.

काकांचा चेहरा उतरला. "ते… नागपूरला जाऊन राहिलो उद्या. पुतण्याकडे. थोडं काम—"

"नको म्हटलं ना!"

बटण इतकं चपळाईने दाबलं गेलं की काकांचं वाक्य अर्धंच राहिलं. रजनी दीदी हसायच्या बेतात होत्या, मग थांबल्या. काकूंच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं. त्या वाट बघत होत्या.

काका हळूच वेताचा बसका मोडा ओढून त्यांच्यासमोर बसले. आणि त्यांनी सगळं सांगितलं. दुखणं कधीपासून होतं, डॉक्टर काय म्हणाले, ऑपरेशन मोठं नाही, मुग्धा येते आहे. मी लॅपटॉपकडे बघत राहिले. अशा वेळी सपोर्टवाल्याने स्क्रीनकडे बघावं.

काका थांबले. काकूंनी अजून एकदा प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं. या वेळी हळूच ठेवलं, पण आवाज तोच, तेवढाच खणखणीत आला. "काहून?"

"सांगितलं काहून नाही?" काका म्हणाले. "घाबरलो होतो, नलू. दुसरं काय?"

 काकूंनी बटणावरचं बोट उचलून ते काकांच्या शर्टाच्या खिशाकडे नेलं. खिशातली दोन पेनं वाकडी झाली होती, ती सरळ केली. आणि आपल्या तोंडाने म्हणाल्या, "अच्छा."

मी ऑफिसला पोचले तेव्हा अपडेट जाऊन फोनही थंडावले होते. दुबे सर माझ्या खुर्चीत बसले होते, टाय सैल करून.

"हो गया?"

"हो गया, सर।"

"प्रॉब्लम क्या निकला?"

"पायथन का वर्ज़न अलग था।"

"बस? उसमें आधा दिन?" त्यांनी उठून खुर्ची मला दिली. जाता जाता वळले. "और भाभीजी? बोलीं?"

"बहुत बोलीं।"

"चलो, अच्छा है," ते म्हणाले. "यहाँ भी सब लोग बहुत बोले।"

काकांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. हॉस्पिटलातून ते रोज घरी फोन लावत आणि रजनी दीदी फोन लॅपटॉपजवळ धरत. काकू बटणं दाबत, काका तिकडून उत्तरं देत. मुग्धा मला म्हणाली, शेजारच्या पलंगावरच्या माणसाने विचारलं की तुमच्या मिसेस इतक्या कशावर रागावल्या आहेत.

ते क्लासला परत आले तेव्हा जरा हळू चालत होते. बसायच्या आधीच त्यांनी नवं काम सांगितलं. थेरपिस्ट बाईंनी प्रोग्रॅम पाहिला होता. त्यांच्याकडे आणखी एक पेशंट आहेत, हिंदी बोलणारे आजोबा. त्यांचं जुनं रेकॉर्डिंग काहीच नाही, पण नातू आवाज द्यायला तयार आहे. शिवाय त्यांना चित्रं मोठी हवीत, म्हणजे दुसरी लायब्ररी लागेल.

"आधीच्याच व्हेन्वमध्ये टाका की," मी मुद्दाम म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, जसं ते फॅक्टरीत चुकीचं माप सांगणाऱ्या ॲप्रेंटिसकडे बघत असतील.

"काहीतरीच काय, मॅडम. नलिनीचं चालू आहे, त्याला हात लावू का मी? याचा वेणू वेगळा."

मी या क्लासमध्ये व्हेन्व नाना प्रकारे समजावून पाहिलं आहे. पहिल्या प्रोजेक्टच्या वेळी ते कुणालाही पटत नाही. सगळ्यांना वाटतं, ही बाई उगीच जास्तीचं काम लावते. दुसरा प्रोजेक्ट आला, आणि पहिला बिघडवणं परवडणार नसलं, की आपोआप पटतं. त्यामुळे हल्ली मी फार समजावत नाही. पहिला प्रोजेक्ट असा निवडा म्हणते, की जो बंद पडला तर घरात कुणीतरी विचारायला येईल.